राज्य गेलं, ग्रंथालय उरलं

बाविसाव्या वर्षी हातातली सत्ता गेली. पुढची तेहतीस वर्षं या राजाने शिकण्यात घालवली. तंजावरच्या सरफोजीराजे भोसल्यांची ही गोष्ट.

लोणी भापकरहून बारामतीला कॉलेजला येणाऱ्यांना मल्लिकार्जुनाचं मंदिर आणि तिथली पायऱ्यापायऱ्यांची दगडी पुष्करणी रोजच्या बघण्यातली. सुपेही तिथून फार लांब नाही, आणि इंदापूर तर शेजारचाच तालुका. हा सगळा पट्टा एकेकाळी शहाजीराजे भोसल्यांच्या जहागिरीतला. शहाजीराजांचे वडील मालोजीराजे इंदापूरच्या लढाईत कामी आले. सुप्याचा कारभार पुढे संभाजी मोहित्यांकडे होता. हे मोहिते म्हणजे शहाजीराजांच्या दुसऱ्या राणीसाहेब तुकाबाई यांचे भाऊ. शिवाजी महाराजांनी आपल्या या सावत्र मामांकडून सुपे कसं घेतलं, ती गोष्ट शाळेत असताना आपण सगळ्यांनीच ऐकलीय.

पण तुकाबाईंच्या मुलाचं पुढे काय झालं? त्याचं नाव व्यंकोजी, म्हणजेच एकोजी. तो दक्षिणेत राहिला आणि १६७५-७६च्या सुमारास त्याने कावेरीच्या काठी तंजावरला मराठ्यांचं राज्य उभं केलं. आपल्यापासून हजारभर किलोमीटरवर, तमिळ मुलखात, मराठी दरबार! तो पुढे पावणेदोनशे वर्षं टिकला. त्याच गादीवर १७९८मध्ये एक मुलगा बसला. त्याचं नाव सरफोजी. इतिहासात त्याला दुसरे सरफोजी म्हणतात.

त्याने एकही लढाई जिंकली नाही, राज्य वाढवलं नाही. उलट त्याच्याच काळात ते गेलं. तरीही आज तंजावरात सगळ्यात जास्त नाव निघतं ते त्याचंच.

अंधारातलं बालपण

सरफोजींचा जन्म २४ सप्टेंबर १७७७चा. भोसल्यांच्याच भाऊबंदांच्या घरातला हा मुलगा. तंजावरचे राजे तुळजाजी यांना वारस उरला नव्हता, म्हणून १७८७मध्ये त्यांनी त्याला दत्तक घेतलं. तेव्हा तो दहा वर्षांचाही नव्हता. तुळजाजी आजारीच होते. त्यांनी मुलाची काळजी घेण्याची विनंती एका जर्मन पाद्र्याला केली. त्याचं नाव ख्रिश्चन फ्रीडरिश श्वार्ट्झ. समुद्रकाठच्या तरंगमबाडीला डेन्मार्कची वसाहत होती. तिथल्या मिशनसाठी तो भारतात आला होता आणि इथेच राहिला होता.

त्याच वर्षी तुळजाजी वारले आणि सगळं फिरलं. तुळजाजींचे सावत्र भाऊ अमरसिंह आधी कारभार पाहायला बसले आणि मग स्वतःच गादीवर आले. दत्तकविधान शास्त्राला धरून नाही, असा निर्णय बारा पंडितांनी दिला आणि कंपनी सरकारने तो मान्य केला. सरफोजी राजवाड्यातच राहिला, पण कोंडल्यासारखा. ना मोकळी हवा, ना शिक्षण. वारसदार अडाणी राहिला तर तो हक्क सांगणार नाही, हे साधं गणित त्यामागे होतं.

श्वार्ट्झने या मुलाचा पिच्छा सोडला नाही. तो कंपनीकडे पुन्हा पुन्हा तक्रारी करत राहिला. अखेर १७९३मध्ये सरफोजी आणि तुळजाजींच्या विधवा राण्यांना मद्रासला हलवण्यात आलं. तिथे गेरिके नावाच्या दुसऱ्या जर्मन मिशनऱ्याकडे त्याचा अभ्यास सुरू झाला. इंग्रजी, गणित, भूगोल, विज्ञान. ज्या वयात आपण दहावी-बारावी करतो त्या वयात हा मुलगा खऱ्या अर्थाने पहिल्यांदा शाळेत बसला होता.

दत्तकाचा प्रश्न पुन्हा पंडितांपुढे गेला आणि या वेळी निकाल उलटा लागला. जून १७९८मध्ये सरफोजी गादीवर आले. त्याच्या काही महिनेच आधी, फेब्रुवारीत श्वार्ट्झ वारले होते. सरफोजींनी पुढे त्यांचं संगमरवरी स्मारक इंग्लंडहून घडवून आणलं. शिल्पात मरणशय्येवरचे गुरू आहेत आणि त्यांचा हात धरून उभा असलेला तरुण राजा. ते आजही तंजावरच्या चर्चमध्ये आहे. गंमत म्हणजे इतकी जवळीक असूनही सरफोजींनी धर्म बदलला नाही. गुरूचं ज्ञान घेतलं, देव आपलाच ठेवला.

एक सही, आणि राज्य संपलं

आता गोष्टीतला कठीण भाग. ज्या कंपनीने सरफोजींना गादी मिळवून दिली, तिने लगेच त्याची किंमत मागितली. २५ ऑक्टोबर १७९९ला तह झाला. तंजावरचा सगळा मुलूख, महसूल आणि न्यायव्यवस्था कंपनीकडे गेली. राजाकडे उरला फक्त किल्ला आणि त्याच्या आसपासचा भाग. बदल्यात दरवर्षी १ लाख होन आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा.

तेव्हा सरफोजींचं वय होतं बावीस. आपल्याकडे पुण्यात पेशवाई बुडाली ती १८१८मध्ये. तंजावरवर ती वेळ त्याच्या एकोणीस वर्षं आधी आली होती.

विचार करा. पदवी आहे, महाल आहे, पैसा आहे. पण कुठलाही खरा निर्णय आपल्या हातात नाही. अशा अवस्थेत त्या काळचे बरेच राजे नाच, शिकार आणि दारू यांत बुडाले. शिकार सरफोजींनाही आवडायची, घोड्यांचंही वेड होतं. पण दिवसाचा मोठा भाग ते पुस्तकं, यंत्रं आणि रोग्यांच्या नोंदी यांत घालवायचे.

इथे दोन हजार वर्षांपूर्वीची एक राणी आठवते. इजिप्तची क्लिओपात्रा. सिनेमाने तिचं रूपच लोकांच्या डोक्यात बसवलं. पण प्राचीन चरित्रकारांनी कौतुकाने लिहिलंय ते तिच्या भाषांबद्दल. तिचं ग्रीक घराणं इजिप्तवर जवळपास तीनशे वर्षं राज्य करत होतं, पण प्रजेची भाषा शिकणारी त्या घरातली पहिली राज्यकर्ती तीच, असं मानतात. तिच्या अलेक्झांड्रिया शहरात त्या काळातलं सगळ्यात नावाजलेलं ग्रंथालय होतं आणि समोर रोमची ताकद उभी होती. सरफोजींचंही असंच. समोर कंपनी आणि घरात ग्रंथालय. फरक शेवटात आहे. अलेक्झांड्रियाचं ग्रंथालय काळाच्या ओघात नामशेष झालं, तंजावरचं उरलं.

हस्तिदंताचा सांगाडा

तंजावरच्या राजवाड्यात नायक राजांच्या काळापासून पोथ्यांचा संग्रह होता. सरफोजींनी त्याचं रूपच बदललं. संस्कृत, तमिळ, तेलुगू आणि मराठी पोथ्यांच्या जोडीला युरोपातून छापील पुस्तकं मागवायला सुरुवात केली. इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, लॅटिन. ही पुस्तकं चार हजारांहून जास्त झाली. कित्येकांवर त्यांची इंग्रजीतली सही आहे. वैद्यक, रसायन, वनस्पती, प्राणी, खगोल, चित्रकला, शब्दकोश असं सगळं त्यात सापडतं. म्हणजे शोभेसाठी कपाट भरणं नव्हतं ते.

आधुनिक रसायनशास्त्राचा पाया घालणाऱ्या लाव्हाझिएला फ्रेंच राज्यक्रांतीत १७९४मध्ये गिलोटिनवर चढवलं गेलं. त्याचा रसायनशास्त्रावरचा ग्रंथ तंजावरच्या या संग्रहात आला. ऑक्सिजनचा सिद्धांत युरोपातही तेव्हा नवाच होता!

पुस्तकांबरोबर यंत्रंही आली. दुर्बिणी आणि खगोलाची उपकरणं, हवा काढून टाकणारा पंप, घर्षणातून वीज तयार करणारं यंत्र. आज आपल्या फिजिक्सच्या लॅबमध्ये या गोष्टी धूळ खात पडलेल्या असतात. तेव्हा भारतात त्या बघायला मिळणं हीच बातमी होती.

आणि शरीरशास्त्र? तिथे मोठी अडचण होती. राजा हिंदू. माणसाच्या हाडांना हात लावणं म्हणजे विटाळ. आणि सांगाडा न बघता शरीर कसं शिकणार? सरफोजींनी यावर वाट काढली. हस्तिदंताचा सांगाडा मिळवला. १८०४मध्ये लॉर्ड व्हॅलेन्शिया नावाचा इंग्रज प्रवासी तंजावरला आला, त्याने या सांगाड्याबद्दल लिहून ठेवलंय.

सरफोजी हे काही बंडखोर सुधारक नव्हते. त्यांनी रूढी मोडली नाही. पण रूढी आहे म्हणून शिकणंही सोडलं नाही. हा मध्यममार्ग आपल्याला आज पुरेसा धाडसी वाटणार नाही कदाचित, पण काम त्यामुळे पुढे गेलं.

डोळ्यांचे केसपेपर

सरफोजींच्या कामातला सगळ्यात थक्क करणारा भाग म्हणजे धन्वंतरी महाल. नाव ऐकून वाटतं एखादा दवाखाना असेल. तो दवाखाना होता, औषधशाळा होती आणि संशोधनकेंद्रही होतं. आयुर्वेद, तमिळ मुलखातली सिद्ध पद्धत, युनानी आणि युरोपियन वैद्यक अशा चारही पद्धतींचे जाणकार तिथे होते. माणसांप्रमाणे जनावरांच्या औषधांचाही अभ्यास तिथे चालायचा. औषधी वनस्पतींची रंगीत चित्रं काढून घेतली जायची.

गुण आलेली औषधं मग दरबारातले कवी तमिळ पद्यात बांधायचे. पद्यात का? कारण पद्य पाठ होतं. गावोगावच्या वैद्यांपर्यंत ते तोंडातोंडी जातं. हे ग्रंथ सरभेंद्र वैद्य मुरैगळ या नावाने ओळखले जातात. सरभेंद्र म्हणजे सरफोजीच, आणि मुरैगळ म्हणजे पद्धती.

पण खरी नवलाई डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदींमध्ये आहे. आपण सरकारी दवाखान्यात गेलो की खिडकीवर आधी केसपेपर काढतो. तसे चाळीसहून अधिक केसपेपर तंजावरच्या ग्रंथालयात जपून ठेवलेले आहेत, तेही १८२७ आणि त्यानंतरच्या वर्षांतले. रुग्ण कोण, त्रास काय, कोणता उपचार केला, नंतर डोळा कसा होता, हे सगळं इंग्रजीत लिहिलेलं. सोबत त्या रुग्णाच्या आजारी डोळ्याचं रंगीत चित्र. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियाही त्यात आहेत. राजाच्या देखरेखीखाली युरोपियन डॉक्टर आणि स्थानिक वैद्य मिळून हे काम करायचे.

फोटोग्राफी अजून हातात आली नव्हती. म्हणून दरबारातल्या चित्रकारांना, जे एरवी देवदेवता आणि राजाराण्या रंगवायचे, त्यांना या माणसाने सामान्य रयतेचे दुखरे डोळे रंगवायला बसवलं. आपल्या काळातल्या नेत्रतज्ज्ञांनीही या नोंदींचा अभ्यास करून त्यावर शोधनिबंध लिहिलेत.

उपचार तर अनेक राजांनी करवले. दानधर्म म्हणून दवाखाने काढले. पण काय केलं आणि त्याचा परिणाम काय झाला हे कागदावर उतरवून ठेवणं ही वेगळी सवय आहे. विज्ञानाची सुरुवात तिथून होते. प्रॅक्टिकल न करता मित्राच्या जर्नलमधली रीडिंग्ज उतरवणाऱ्या आपल्यासारख्यांनी तर हे नीट बघायला हवं!

भविष्य सांगणारी बाई भूगोल शिकवते

आपण जे शिकलो ते लोकांपर्यंत कसं न्यायचं? सरफोजींचं यावरचं उत्तर भन्नाट होतं.

तमिळमध्ये कुरवंजी नावाचा नाट्यप्रकार लोकप्रिय होता. त्यात एक विरहात झुरणारी नायिका असते आणि डोंगरातून आलेली, हात बघून भविष्य सांगणारी बाई. आपल्याकडे दारावर भविष्य सांगायला येतात ना, तशी. ती आपल्या मुलखाचं वर्णन गाऊन दाखवते, हा त्यातला ठरलेला भाग. सरफोजींनी हाच साचा घेतला आणि देवेंद्र कुरवंजी हे नाटक मराठीत रचलं. त्यातली भविष्य सांगणारी बाई इंद्राच्या राणीसमोर गाते, पण काय गाते? सूर्यमाला, गोल पृथ्वी, जगातले खंड आणि देश! कोपर्निकसचा सूर्य मध्यभागी आणि बाकी ग्रह त्याच्याभोवती. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, मराठीत, गाण्यातून. आज एखादा विषय रीलमधून समजावून सांगतात, तशीच ही युक्ती म्हणा.

१८०५मध्ये त्यांनी राजवाड्यात छापखाना काढला. त्यात देवनागरी खिळे होते, दक्षिण भारतात तोवर हे कुणी केलं नव्हतं. नवविद्याकलानिधी असं त्याचं नाव. इसापनीतीचा मराठी अनुवाद तिथे बालबोधमुक्तावली या नावाने १८०६च्या सुमारास छापला गेला. बाळशास्त्री जांभेकरांचं दर्पण मुंबईत सुरू झालं ते १८३२मध्ये. म्हणजे मराठी छपाईच्या इतिहासात पुण्या-मुंबईच्या आधी तंजावरचं नाव येतं, हे आपल्यातल्या किती जणांना माहिती आहे?

मुक्तांबाळ ही सरफोजींची प्रिया. तिच्या नावाने त्यांनी ओरत्तनाडला मोठं छत्र उभारलं. छत्र म्हणजे वाटसरूंसाठी धर्मशाळा आणि अन्नछत्र. तिथे मुलांसाठी शाळाही होती. कंपनी तहानंतर सगळंच ताब्यात घेत होती, तेव्हा छत्रांवर गदा येऊ नये म्हणून सरफोजींनी १८०१मध्ये इंग्रज रेसिडेंटला सविस्तर पत्र लिहिलं. छत्रांत वाटसरूंना जेवण मिळतं, आजाऱ्यांना औषध मिळतं, अनाथ मुलं शिकतात, बाळंतिणींची काळजी घेतली जाते, हे सगळं त्यात मुद्देसूद मांडलं. राज्य मागितलं नाही, छत्रं मात्र सोडली नाहीत.

मनोऱ्याची सावली

मग सरफोजी निव्वळ आदर्श राजा होते का? तसं म्हणणं सोपं आहे, पण खरं नाही. १८१४-१५मध्ये त्यांनी समुद्रकाठी आठ मजली उंच मनोरा बांधला. कशासाठी? इंग्रजांनी नेपोलियनवर मिळवलेल्या विजयाच्या आनंदात. ज्यांनी आपलं राज्य घेतलं त्यांच्याच विजयाचा हा मनोरा. आज तो बघताना मनात प्रश्न येतोच. ही मैत्री होती, नाइलाज होता, की सवय?

आणि दुसऱ्या बाजूला १८०३चं एक काम आहे. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर त्यांनी भोसले घराण्याचा पूर्ण इतिहास मराठीत कोरून घेतला. चोळ राजांनी उभारलेलं, हजार वर्षांपूर्वीचं ते मंदिर. त्याच्या दगडावर देवनागरी अक्षरात मालोजी, शहाजी, शिवाजी, व्यंकोजी अशी सगळी वंशपरंपरा आहे. जगातल्या सर्वांत मोठ्या शिलालेखांत त्याची गणना होते. राज्य जाऊन चार वर्षं झाली होती. आपण कोण होतो हे विसरलं जाऊ नये, ही धडपड त्या लेखात दिसते. इंदापूरला कामी आलेल्या मालोजीराजांचं नाव कावेरीकाठच्या भिंतीवर वाचायला मिळतं ते यामुळेच.

सरफोजींचं सगळं ज्ञानकार्य कंपनीच्या तनख्यावर चाललं होतं, हेही खरं. त्याला मर्यादा होत्या. छापखान्यातून मोजकीच पुस्तकं निघाली. यंत्रं राजवाड्यातच राहिली. त्यांच्यामागे हे सगळं पुढे नेईल अशी पिढी किंवा संस्था तयार झाली नाही. एक माणूस कितीही हुशार असला तरी तो एकटाच असेल तर काय होतं, ते इथे दिसतं.

काशीहून आलेल्या पोथ्या

१८२० ते १८२२ या काळात सरफोजी काशीयात्रेला गेले. बरोबर सुमारे तीन हजारांचा लवाजमा. देवदर्शन, स्नान, दानधर्म झालंच; पण वाटेत आणि काशीत पोथ्या जमवणं, नकला करून घेणं हेही चालू होतं. काशीच्या घाटांची चित्रं काढून घेतली गेली. या प्रवासाच्या मराठी लावण्याही रचल्या गेल्या, त्रिस्थळी यात्रेच्या लावण्या या नावाने त्या प्रसिद्ध आहेत. लावणी म्हटलं की आपल्याला एकच प्रकार आठवतो. तंजावरात तिने चक्क प्रवासवर्णन केलं.

१८२६मध्ये कलकत्त्याचे बिशप हेबर तंजावरला आले. या हिंदू राजाच्या तोंडी लाव्हाझिए, लिनियस आणि बुफाँ यांचे दाखले सहज येतात, शेक्सपिअरवर स्वतःचं मत आहे, आणि तरी घोड्याची पारख आणि वाघाची शिकार यातही तो कच्चा नाही, हे बघून ते चकित झाले. राजपुत्र शिवाजीला आपल्याबरोबर पाठवा, त्याला शिकवतो, असंही त्यांनी सुचवलं. पण राणीसाहेबांनी मुलाला सोडायला नकार दिला. काहीच दिवसांत हेबर त्रिचनापल्लीला वारले, आणि तो विषय तिथेच थांबला.

७ मार्च १८३२ला सरफोजी गेले. मुलगा शिवाजी गादीवर आला. १८५५मध्ये तोही पुत्राविना वारला आणि कंपनीने तंजावरची गादीच खालसा केली. महालातल्या वस्तू विखुरल्या. पोथ्या मात्र राहिल्या. बर्नेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्यातल्या संस्कृत हस्तलिखितांची सूची केली आणि ती १८८०मध्ये छापून झाल्यावर जगभरच्या अभ्यासकांना या खजिन्याचा पत्ता लागला. १९१८मध्ये हा संग्रह सर्वांसाठी खुला झाला. आज ते सरस्वती महाल ग्रंथालय आहे, सरफोजींच्या नावाचं.

तिथे ताडपत्रांवरच्या तमिळ आणि संस्कृत पोथ्या आहेत, तशीच हजारो मराठी हस्तलिखितं आणि मोडी कागदपत्रांचे शेकडो रुमालही आहेत. दरबाराचे हिशेब, आज्ञापत्रं, औषधांच्या याद्या, छत्रांचा खर्च. यातलं बरंचसं अजून नीट वाचलं जायचंय. कारण मराठी येणारे पुष्कळ आहेत, मोडी वाचता येणारे फार थोडे. महाराष्ट्रात मोडीचे वर्ग चालतात, लिपी काही महिन्यांत येते. बीए करणाऱ्याला त्यात इतिहास सापडेल, फार्मसीवाल्याला औषधं सापडतील, कॉमर्सवाल्याला दोनशे वर्षांपूर्वीची खतावणी सापडेल.

सुप्या-इंदापूरच्या मातीतून निघालेल्या एका घराण्याचे कागद आहेत ते. सरफोजींनी ते जमवले, लिहून घेतले, जपले. ते वाचायचं काम अजून शिल्लक आहे.